धातूचे कोंदण : बृहद्वलयी संयुगे, शरीर आणि आपली भस्मे

रसौषधींवर आक्षेप घेतला गेला की आपल्या बाजूने एक उत्तर हमखास दिले जाते : ‘भस्मात धातू धातुरूपाने उरतच नाही, तो संयुगरूपाने असतो, म्हणून तो बाधत नाही.’ आक्षेप घेणारा तितक्याच ठामपणे म्हणतो : ‘धातू तो धातूच, पारा, शिसे, तांबे पोटात गेले की विषच.’ या दोन्ही विधानांत अर्धेच सत्य आहे, असे आमचे नम्र मत आहे. धातू संयुगात आहे, एवढे सांगून भागत नाही. तो कोणी धरून ठेवला आहे, किती घट्ट धरला आहे आणि कोणत्या परिस्थितीत तो सुटतो, हेही सांगावे लागते. या तीन प्रश्नांची सर्वांत स्वच्छ उत्तरे रसायनशास्त्राच्या ज्या शाखेत मिळतात, ती म्हणजे बृहद्वलयी लिगंडांच्या धातुसंयुगांचा अभ्यास. वैद्यबंधूंना व औषधनिर्मात्यांना हा विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु पांडुरोगाच्या चिकित्सेपासून ताम्रभस्माच्या परीक्षेपर्यंत त्याचे धागे पोहोचतात. त्यांचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कोंदणाची रचना

धातूच्या अणूला आपल्याकडील इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन जो रेणू धरून ठेवतो, त्याला लिगंड म्हणतात. लिगंड एकाच जागी धरणारा असेल तर पकड सैल राहते. दोन किंवा अधिक जागी धरणारा असेल तर ती घट्ट होते. अशा लिगंडाला ‘कीलेट’ करणारा म्हणतात. हा शब्द खेकड्याच्या नांगीवरून आला आहे. मात्र नांगीलाही टोके असतात. एक टोक सुटले की दुसरे सुटायला वेळ लागत नाही, आणि मग दोरीची गाठ उलगडावी तसा संपूर्ण लिगंड धातूवरून उलगडत जातो.

आता हीच साखळी दोन्ही टोके जोडून वर्तुळाकार केली आणि तिच्या आतील बाजूस नायट्रोजन किंवा ऑक्सिजनचे चार-सहा अणू ठेवले, तर धातूसाठी एक तयार बैठक निर्माण होते. अशा मोठ्या वलयाला बृहद्वलयी, अर्थात मॅक्रोसायक्लिक लिगंड म्हणतात. सोनार हिऱ्यासाठी कोंदण घडवतो, त्याची उपमा येथे चपखल बसते. कोंदणाला सुटे टोक नसते, त्यामुळे उलगडण्याची सुरुवात कोठून करावी हाच प्रश्न पडतो. शिवाय वलयाची पोकळी आधीच आकाराला आलेली असते. धातूला धरण्यासाठी रेणूला फारशी वळणे घ्यावी लागत नाहीत. कॅबिनेस व मार्जेरम या संशोधकांनी १९६९ साली तांब्याच्या संयुगांवर दाखवून दिले की, धरणारे नायट्रोजन अणू तेवढेच असूनही वलयातील संयुग सरळ साखळीतील संयुगापेक्षा अनेक पटींनी स्थिर असते. या गुणाला ‘बृहद्वलयी परिणाम’ असे नाव मिळाले.

कोंदणाचा आकारही महत्त्वाचा. चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘क्राउन ईथर’ या वलयांपैकी सहा ऑक्सिजन असलेले वलय पोटॅशियमला नेमके बसते, तर चार ऑक्सिजनांचे लहान वलय लिथियमला अनुकूल असते. पेडरसन, जाँ-मारी लेन आणि डोनाल्ड क्रॅम यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक भेद ध्यानी धरावा. ‘घट्टपणा’ दोन प्रकारचा असतो. पहिला समतोलाचा : पुरेसा काळ दिल्यास किती धातू बांधलेला राहील आणि किती मोकळा होईल. दुसरा गतीचा : सुटायचेच झाले तर सुटण्यास किती वेळ लागेल. शरीर म्हणजे बंद बाटली नव्हे. द्रव्य येते, वाहते आणि बाहेर पडते. म्हणून शरीराच्या दृष्टीने दुसरा प्रकार बहुधा अधिक निर्णायक ठरतो. द्रव्य शरीराबाहेर पडेपर्यंत कोंदण टिकले, तर धातू बाधत नाही.

निसर्गाची तीन कोंदणे

मानवाने अशी वलये प्रयोगशाळेत घडवण्यापूर्वीच निसर्गाने ती जीवसृष्टीच्या मुळाशी ठेवलेली आहेत.

पहिले हरितद्रव्य. त्याच्या वलयातील चार नायट्रोजनांच्या मध्ये मॅग्नेशियम बसलेले असते. ही पकड फार घट्ट नाही, याची साक्ष प्रत्येक स्वयंपाकघर देते. पालेभाजी चिंचेत किंवा ताकात जास्त वेळ शिजली की तिचा हिरवा रंग जाऊन ती काळपट-पिवळट पडते. आम्लामुळे मॅग्नेशियम निघून जातो आणि त्याची जागा हायड्रोजन घेतो. त्याच वलयात तांबे बसवले तर हिरवा रंग आम्लातही टिकतो. खाद्यरंगात वापरले जाणारे ताम्र-क्लोरोफिलिन ते हेच. म्हणजे कोंदण एकच असूनही मॅग्नेशियम आम्लात निसटतो आणि तांबे टिकते.

दुसरे रक्तातील हीम. चार पायरोल वलये चार कार्बन-पुलांनी जोडून झालेल्या पॉर्फिरिन वलयात लोह बसते. प्रौढ शरीरातील एकूण लोह अवघे तीन ते चार ग्रॅम, आणि त्यातील सुमारे दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनच्या हीममध्ये असते. हेच लोह मोकळे सुटले तर पेशींना जाळणारे मूलक निर्माण करते. लोहाच्या गोळ्या चुकून मूठभर खाल्ल्याने बालके दगावतात, याचे कारण तेच. कोंदणात बसलेले लोह मात्र प्राणवायूला धरते आणि सोडतेही. वलयातील चार नायट्रोजनांखेरीज पाचवा हात हिमोग्लोबिनमधील हिस्टिडीनचा, आणि सहाव्या जागी प्राणवायू. प्राणवायू नसताना लोह वलयाच्या पातळीपासून किंचित बाहेर असते. प्राणवायू बसताच ते पातळीत सरकते. ही सूक्ष्म हालचाल संपूर्ण प्रथिनाला जाणवते आणि उरलेल्या तीन हीमांना प्राणवायू घेणे सुकर होते. हिमोग्लोबिनची रचना उलगडणारे मॅक्स पेरुत्झ यांना १९६२ चे नोबेल पारितोषिक जॉन केंड्र्यू यांच्यासह मिळाले.

पाचवा हात बदलला की हीमचे कर्मही बदलते. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या विकरकुळात तो हात सिस्टीनमधील गंधकाचा असतो. येथे हीम प्राणवायू वाहून नेत नाही; ते त्याचा वापर करून औषधांचे रूपांतर घडवते. मिरी व पिंपळीतील पाइपरिन या कुळातील ३ए४ या विकराला मंद करते. आधुनिक औषधे चालू असणाऱ्या रुग्णास त्रिकटूचे कल्प देताना हे स्मरणात ठेवणे श्रेयस्कर.

तिसरे कोंदण बी-१२ जीवनसत्त्वाचे. येथील वलयास कॉरिन म्हणतात. चार कार्बन-पुलांपैकी एक गाळलेला असल्याने ते हीमच्या वलयाहून किंचित आखूड असते आणि त्यात कोबाल्ट बसतो. डोरोथी हॉजकिन यांनी १९५० च्या दशकात क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली. त्यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक लाभले. हे वलय वनस्पतीही बनवत नाहीत, प्राणीही नाहीत. ते सूक्ष्मजीवच बनवतात. सायनाइडच्या विषबाधेत हायड्रॉक्सोकोबालामिन शिरेवाटे देतात. त्यातील कोबाल्ट सायनाइडला आपल्या मोकळ्या जागी धरतो आणि झालेले संयुग मूत्रावाटे निघून जाते. कोबाल्टचे साधे क्षार मोठ्या मात्रेत हृदयास घातक ठरतात; कॉरिनच्या कोंदणातील तोच कोबाल्ट विषाचा उतारा ठरतो.

शिसे : कोंदण घडण्याआधीचा घात

कोंदणात धातू आपोआप बसत नाही. हीमच्या बाबतीत हे काम फेरोकीलेटेज हे विकर करते. शिसे या विकराला आणि त्याआधीच्या एका टप्प्यावरील विकरालाही रोखते. परिणामी वलय तयार होते, पण त्यात लोह बसत नाही, जस्त बसते. हे जस्त-प्रोटोपॉर्फिरिन रक्तपेशीच्या आयुष्यभर, म्हणजे सुमारे १२० दिवस, तिच्यातच राहते. त्यामुळे मागील तीन-चार महिन्यांत शिशाचा संपर्क आला असावा, हे रक्तातील जस्त-प्रोटोपॉर्फिरिनवरून सुचवता येते. लोहाच्या कमतरतेतही त्याचे प्रमाण वाढते, म्हणून निदान पक्के करण्यासाठी रक्तातील शिसे मोजावेच लागते.

वैद्यांसाठी याचा अर्थ गंभीर आहे. शिशामुळे होणारा पांडू लोहाच्या कल्पांनी बरा होत नाही. शिशाचा स्रोत थांबवावा लागतो. २००४ साली अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर केंद्र शासनाच्या आयुष विभागाने निर्यातीसाठीच्या वनस्पतिज औषधांना १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष, या मर्यादा औषधनिर्मात्यांच्या परिचयाच्या आहेत. ही तपासणी केवळ कागद पूर्ण करण्यासाठी नाही. रुग्णाच्या हीमचे कोंदण शाबूत राहावे यासाठी ती आहे.

गॅडोलिनियमने शिकवलेला धडा

संयुगातील धातू आणि मोकळा धातू यांतील अंतर किती महाग पडू शकते, हे आधुनिक वैद्यकाने गॅडोलिनियमच्या निमित्ताने अनुभवले. एमआरआय तपासणीत चित्र स्पष्ट यावे म्हणून या धातूचे संयुग शिरेत टोचतात. ६० किलो वजनाच्या रुग्णास दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या मात्रेत धातू सुमारे एक ग्रॅम भरतो. मोकळा गॅडोलिनियम विषारी आहे. त्याचा आकार कॅल्शियमच्या आकाराशी मिळताजुळता असल्याने तो कॅल्शियमच्या वाटा अडवतो. म्हणून तो लिगंडात बांधूनच द्यावा लागतो.

१९८८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले संयुग सरळ साखळीचे होते. पुढे त्याच प्रकारची आणखी काही आली. ‘डोटा’ या बृहद्वलयातील संयुगही त्याच सुमारास वापरात आले. समतोलाच्या मोजमापात दोन्ही प्रकार अतिशय स्थिर दिसत. निरोगी वृक्क असलेल्या रुग्णात या द्रव्याची रक्तातील मात्रा दीड-दोन तासांत निम्मी होते, त्यामुळे तक्रार येत नसे.

१९९७ पासून मात्र वृक्क निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा जाड व कठीण होऊन सांधे आखडू लागल्याचे आढळले. २००० साली या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध झाले. कारण अज्ञात राहिले. २००६ साली ऑस्ट्रियातील ग्रोबनर या वृक्कतज्ज्ञाने ही व्याधी आणि गॅडोलिनियम यांचा संबंध निदर्शनास आणला. अशा रुग्णांत द्रव्याची मात्रा निम्मी होण्यास तीस तासांहूनही अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत रक्तातील जस्त व फॉस्फेट साखळी उलगडून धातूला मोकळा करतात. व्याधीचे बहुतेक रुग्ण सरळ साखळीचे संयुग घेतलेले होते. बृहद्वलयी संयुगानंतर तो अत्यंत विरळ आढळला. १९८८ ते २००६ अशी अठरा वर्षे हा धोका दृष्टीआड राहिला. तो उघड झाला तो एका चिकित्सकाने आपल्या मोजक्या रुग्णांची नोंद काळजीपूर्वक तपासल्यामुळे. २०१७ साली युरोपीय औषध संस्थेने सरळ साखळीची बहुतेक शिरेवाटे द्यावयाची संयुगे वापरातून काढली. यकृताच्या तपासणीपुरती दोन ठेवली.

प्रयोगशाळेतील एक आकडा येथे मुद्दाम नोंदवतो. पीएच १ इतक्या तीव्र आम्लात सरळ साखळीतील गॅडोलिनियम निम्मा सुटण्यास पाच सेकंदही लागत नाहीत. डोटाच्या वलयातून तो निम्मा सुटण्यास सुमारे ३३८ तास लागतात.

याच डोटाच्या कोंदणात ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी धातू बसवून काही अंतःस्रावी अर्बुदांवर चिकित्सा केली जाते. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण औषधी केंद्रात ही चिकित्सा दीर्घकाळ दिली जात आहे. येथे कोंदण सैल असते तर किरणोत्सारी धातू अस्थींत जाऊन बसला असता. संपूर्ण चिकित्सेची सुरक्षितता वलयाच्या पकडीवर उभी आहे.

रसशास्त्राने विचारलेला तोच प्रश्न

आता आपल्या घराकडे वळू. ताम्रभस्म सिद्ध झाले की नाही, हे पाहण्यासाठी ते दह्यात किंवा लिंबाच्या रसात टाकून ठेवण्याचा प्रघात आपण सर्व जाणतो. हिरवट-निळसर छटा आली तर भस्म अपक्व. रसायनाच्या भाषेत, आम्लाच्या सान्निध्यात तांबे मोकळे सुटते काय, हाच प्रश्न येथे विचारलेला आहे. गॅडोलिनियमच्या संयुगाला पीएच १ च्या आम्लात ठेवणाऱ्या संशोधकाचाही प्रश्न हाच होता. अपुनर्भव परीक्षेत मित्रपंचकासह तीव्र अग्नी देऊन धातू पुन्हा प्रकट होतो का, ते पाहतात. निरुत्थ परीक्षेत रजतपत्रासह तापवून रजताचे वजन वाढते का, ते पाहतात. धातूच्या रूपांतराचे अस्तित्व गृहीत न धरता त्याची कसोटी घ्यावी, ही दृष्टी आपल्या आचार्यांजवळ होती, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

अभिमानासोबत एक जबाबदारीही येते. अपुनर्भव व निरुत्थ या परीक्षा अग्नीच्या आहेत. जठरातील परिस्थिती वेगळी आहे. दह्याची परीक्षा आम्लाची आहे, परंतु जठररसाची आम्लता दह्याच्या आम्लतेपेक्षा शेकडो पटींनी तीव्र असते. म्हणून दह्यात उत्तीर्ण झालेल्या ताम्रभस्मातून जठररसात किती तांबे विरघळते, हे स्वतंत्रपणे मोजले पाहिजे. कृत्रिम जठररसात ३७ अंश तापमानावर ठराविक काळ भस्म ठेवून द्रावणातील धातू मोजणे, ही चाचणी सुसज्ज प्रयोगशाळेस अवघड नाही. भस्मात एकूण धातू किती, यासोबत त्यातून सुटणारा धातू किती, हा आकडा प्रत्येक घाणीबरोबर ठेवला गेला, तर आपली बाजू मांडताना हातात पुरावा राहील.

याच संदर्भात एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. भावनेतील वनस्पतिरसांमुळे भस्मात धातूची सेंद्रिय संयुगे तयार होतात, असे अलीकडे काही माहितीपत्रकांत छापलेले आढळते. बृहद्वलये कार्बन-नायट्रोजनाची बनलेली असतात. गजपुटाच्या अग्नीत ती जळून जाणारच. लोहभस्म हे मुख्यतः लोहाचे ऑक्साइड आहे. कज्जली व रससिंदूर हे पाऱ्याचे सल्फाइड आहे. त्यांचे गुण त्यांच्या कणांच्या सूक्ष्मतेत, स्फटिकरचनेत आणि अविद्राव्यतेत शोधावे लागतील. हीम किंवा बी-१२ यांच्याशी त्यांची तुलना करून औषधाची प्रतिष्ठा वाढत नाही. अभ्यासू परीक्षकासमोर ती घटते.

व्यवहारासाठी

पांडुरोगात लोह-मंडुराचे कल्प देण्यापूर्वी कोणते कोंदण रिकामे आहे, याचा विचार करावा. पुण्यातील मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळले होते. शाकाहारी रुग्ण, हातापायांस मुंग्या, तोल जाणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, रक्तपेशी आकाराने मोठ्या, अशी लक्षणे असता कोबाल्टच्या कोंदणाची उणीव लोहाने भरून निघणार नाही. विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहते. अशा रुग्णास बी-१२ देण्यास किंवा त्यासाठी पाठविण्यास संकोच करू नये.

धातुघटित कल्प सुरू करण्यापूर्वी सीरम क्रिएटिनीन पाहावे. मधुमेही, वृद्ध आणि दीर्घकाळ वेदनाशामके घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत हे टाळू नये. गॅडोलिनियमने शिकवले ते हेच की, निरोगी वृक्काच्या रुग्णात निर्धोक ठरलेले द्रव्य क्षीण वृक्काच्या रुग्णात तसेच राहील असे गृहीत धरता येत नाही. अशा रुग्णास वनस्पतिज पर्याय उपलब्ध असता तोच निवडावा. दीर्घकाळ द्यावयाच्या कल्पांची मात्रा, कालमर्यादा आणि कोणत्या निर्मात्याचे कोणत्या घाणीचे औषध दिले, याची नोंद चिकित्सालयात ठेवावी.

औषधालयांनी घाणी क्रमांकाशिवाय सुटे भस्म विकू नये. निर्मात्याकडून जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागण्याची सवय लावून घ्यावी. ग्राहकाने ‘मागच्या वेळचेच द्या’ म्हटले तरी धातुघटित कल्पासाठी वैद्याची चिठ्ठी मागावी.

आणि काही अनिष्ट आढळले तर ते दडवू नये. आयुर्वेदीय औषधांसाठीचा औषध-सुरक्षा-निरीक्षण कार्यक्रम २००८ साली जामनगर येथून सुरू झाला. २०१८ पासून नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे त्याचे राष्ट्रीय समन्वयन आले. निरनिराळ्या महाविद्यालयांत त्याची परिघीय केंद्रे आहेत. नोंद पाठविणे म्हणजे शास्त्राशी द्रोह, ही भावना आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे. ऑस्ट्रियातील त्या चिकित्सकाच्या नोंदीमुळे एमआरआय बंद पडले नाही. ते अधिक सुरक्षित झाले. आपली भस्मेही अशा नोंदींनी नाहीशी होणार नाहीत. कसोटीस उतरणारी टिकतील, आणि न उतरणारी कोणाच्या पोटात जाणार नाहीत.

सारांश, धातूचा गुण केवळ धातूवर ठरत नाही. तो त्याच्या कोंदणावर आणि कोंदण ज्या शरीरात जाते त्या शरीराच्या बलावर ठरतो. द्रव्य, संस्कार आणि आतुर या तिन्हींचा एकत्र विचार करावा, असे आपले शास्त्र सांगतच आले आहे. ताम्रभस्मावर दह्याचा थेंब टाकणाऱ्या वैद्याने प्रश्न योग्य विचारला होता. आज साधने अधिक आहेत. तोच प्रश्न अधिक काटेकोरपणे विचारणे आपल्या हाती आहे.